वालाचं बिरडं, डांबराच्या गोळ्या आणि बाळाचं जी६पीडी

खाडीकाठ, मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. बाळ झोपलंय तेवढ्यात उरकते.

मुलगा सात महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा सगळं छान होतं, वजन २ किलो ९००. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "हा हळदीत घोळून काढल्यासारखा दिसतोय गं." नर्स म्हणाली, सगळीच बाळं थोडी पिवळी होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी टाचेतून रक्त घेतलं तर बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, १९.६. मग एकदम पळापळ. निळ्या लाइटखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट. तीन रात्री तो तिकडे आणि मी इकडे दूध काढून वाटीत देत होते. "रक्त बदलावं लागेल कदाचित" असं एकदा कुणीतरी दारातूनच सांगून गेलं. ती वेळ आली नाही, पण ते वाक्य अजून कानात आहे.

माझा आणि नवऱ्याचा रक्तगट एकच, त्यामुळे रक्तगटाचं कारण नाही म्हणाले. मग आणखी एक तपासणी पाठवली. रिपोर्ट आला: जी६पीडी (लाल पेशींतलं एक एन्झाइम म्हणे) १.४, पुढे कंसात नॉर्मल ४.६ पासून वर, आणि ठळक अक्षरात "डेफिशियंट".

घरी सोडताना एक कागद दिला. झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावर काय काय टाळायचं त्याची यादी, मी मोजली, सत्तेचाळीस नावं. डॉक्टर भले आहेत, पण बाहेर रांग होती. "एवढं पाळा, औषध काही नाही, मुलगा ठणठणीत राहील," एवढंच बोलणं झालं.

आता घरात काय चाललंय ते सांगते. कागदावर चौथ्या ओळीत "ब्रॉड बीन्स" आहे. नवऱ्यानं मोबाइलवर मराठी शब्द शोधला, उत्तर आलं "वाल, पावटा". मी पेणची, सीकेपी. आमच्याकडे श्रावणात बिरडं नाही म्हणजे श्रावणच नाही. आई यायच्या आधी दोन दिवस वाल भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून बाहेर काढते. बोटं सुरकुतून जातात तिची. तसा किलोभर सोललेल्या वालांचा डबा घेऊन ती लोकलनं कल्याणला आली आणि सासूबाईंनी तो डबा जसाच्या तसा कामवाल्या मावशींना देऊन टाकला. "बाळ अंगावर पितं, तुझ्या पोटात गेलं म्हणजे त्याच्या पोटात गेलं." आई काही बोलली नाही. डबा तेवढा परत मागितला.

सासूबाई वाईट नाहीत हो. लाइटच्या त्या तीन रात्री माझ्यापेक्षा त्याच जास्त जागल्यात. पण आता त्यांनी मूग, मटकी, चवळी सगळंच बंद केलंय. मला सांगा, हे खरंच एवढं आहे का?

दुसरं, माझ्या आजीनं लुगड्यांची शिवलेली गोधडी ट्रंकेत होती, डांबराच्या गोळ्यांत. यादीत "नॅप्थलीन" आहे. गोधडी सध्या गॅलरीत लोंबतेय. धुऊन चालेल की टाकूनच द्यायची? टाकवणार नाही माझ्यानं.

तिसरं, धाकट्या बहिणीचं लग्न आहे मार्गशीर्षात. मेंदीच्या दिवशी बाळाच्या तळहातावर एक ठिपका काढायचा असतो. मेंदीही यादीत आहे.

आणि शेवटचं, जे विचारायला खरं तर अवघड वाटतंय. हे "आईकडून येतं" असं नवऱ्यानं कुठेतरी वाचलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवसापासून घरात माझ्याकडे एका वेगळ्या नजरेनं बघतात, किंवा मला तसं वाटतं. माझ्या माहेरी रक्ताचं असं काही कुणाला नाही. एक मामा सोडला तर, पण त्याचं मलेरियाचं होतं.

उगाच_एक, मंगळवार, रात्री ११:५८

ताई, सासूबाई बरोबर आहेत. माझ्या मावसभावाच्या मुलालाही हेच. त्यांनी सगळी द्विदल धान्यं, शेंगदाणे, सोयाबीन, लिंबू, निळ्या रंगाची चॉकलेटं, कापूर, टूथपेस्ट, सगळं बंद केलं. चार वर्षं काही झालं नाही. विषाची परीक्षा कशाला?

सूक्ष्मदर्शी, बुधवार, सकाळी ६:१५

मी पॅथॉलॉजिस्ट, पुण्यात. बावीस वर्षं रक्ताच्या काचा बघतोय. तुमच्या बाळाचा डॉक्टर मी नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. बाकी सांगतो.

वरच्या साहेबांना एवढंच विचारतो, की चार वर्षं काही झालं नाही ते लिंबू बंद केल्यामुळे झालं नाही हे कसं ठरवलंत? ही कमतरता असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ती आहे आणि त्यातल्या कित्येकांना पत्ताही नाही.

जी६पीडी हे जनुकाचं नाव आणि त्यावरून बनणाऱ्या एन्झाइमचंही. शाळेत आपण विकर म्हणायचो ते. पूर्ण नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, परत लिहिणार नाही. जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब बाहूच्या अगदी टोकाशी. त्यावरून ५१५ अमिनो आम्लांची साखळी बनते, आणि अशा दोन किंवा चार साखळ्या एकमेकींना बिलगल्या की एन्झाइम कामाला लागतं.

काम काय? पेशीत आलेलं बरंचसं ग्लुकोज सरळ रस्त्यानं ऊर्जेसाठी जातं. थोडं आडवाटेला वळतं आणि त्या आडवाटेच्या तोंडाशी हे एन्झाइम बसलेलं असतं. त्या वाटेवर दोन वस्तू मिळतात. एक रायबोज, म्हणजे डीएनए-आरएनए बांधायचा कच्चा माल. दुसरी एनएडीपीएच. ही दुसरी फार उपयोगाची. यकृताला चरबी बनवायला ती लागते, पांढऱ्या पेशींना जंतूंवर मारा करायला तीच लागते, आणि ग्लुटाथिओन नावाचं एक रेणूद्रव्य ताजंतवानं ठेवायला तर सगळ्यांनाच लागते. ग्लुटाथिओन पेशीला गंजू देत नाही असं समजा.

मग एन्झाइम सगळ्याच पेशींत असताना बोंब फक्त लाल पेशींचीच का? कारण लाल पेशी मज्जेतून बाहेर पडताना आपलं केंद्रक टाकून येते, मायटोकॉन्ड्रिया टाकून येते. पुढे साधारण १२० दिवस अंगभर फिरायचं, ते घरून बांधून दिलेल्या शिदोरीवर. वाटेत चूल नाही, नवं एन्झाइम करून घ्यायची सोय नाही. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायच्या आणखी वाटा आहेत, हिला ही एकच. आणि धंदा कोणता, तर रात्रंदिवस ऑक्सिजन वाहायचा, म्हणजे गंजायची धास्ती सगळ्यांत जास्त हिलाच. तुमच्या बाळाच्या शिदोरीतला जिन्नस लवकर विटणारा आहे, इतकंच. नेहमीच्या दिवसांत तो पुरतो. एखादं ठरावीक औषध किंवा जोराचा संसर्ग आला की पुरत नाही. मग हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होऊन पेशीच्या कडेला चिकटतात (हाइन्झ बॉडी म्हणतो आम्ही), प्लीहा त्या गुठळ्या ओरबाडून काढते, आणि काचेवर अशी पेशी दिसते की जणू भाकरीचा कडेनं कुणी लचका तोडलाय. अशा पेशी पुढे फुटतात. फुटलेल्या हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं. नवजात बाळाचं यकृत आधीच मंद, त्याला ते उपसवत नाही. तुमच्या तिसऱ्या दिवसाचं गणित हे.

आता डबा. वाल खा.

ब्रॉड बीन म्हणजे फाव्हा बीन, शास्त्रीय नाव विसिया फाबा. उत्तरेत त्याला बाकला म्हणतात. आपले वाल आणि पावटे म्हणजे लॅबलॅब, शेंगांचं मोठं कुळ एकच असलं तरी वनस्पती वेगळी. शब्दकोशांत आणि मोबाइलवर दोन्हींना एकच नाव चिकटवून ठेवलंय, तिथे घोळ झाला. बाकल्यात वायसीन आणि कॉन्व्हायसीन अशी दोन द्रव्यं असतात. आतड्यात त्यांपासून जे बनतं ते लाल पेशींना गंज चढवतं. वालांत ती नसतात. मूग-मटकी-चवळीचा तर संबंधच नाही. एक खाचखळगा मात्र सांगतो, कारल्याच्या बियांत वायसीन सापडलेलं आहे. कारलं खायला लागेल तेव्हा बिया काढून द्या, नाहीतरी सात महिन्यांच्या बाळाला कोण कारलं देतंय.

डांबराच्या गोळ्या मात्र खऱ्या शत्रू आहेत. नॅप्थलीनची वाफ श्वासातून जाते आणि कातडीतूनही, तेल लावलेल्या अंगाला तर जास्तच भिनते. घरातल्या सगळ्या गोळ्या आधी बाहेर काढा. गोधडी टाकू नका. गरम पाण्यात साबणानं दोनतीनदा धुवा, आठवडाभर कडक उन्हात घाला, नाक खुपसून वास घ्या. जराही वास राहिला तर बाळाखाली नको, कपाटात आठवण म्हणून राहू दे.

मेंदीचा ठिपका नको. मेंदीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते नॅप्थलीनच्याच भाऊबंदांतलं, आणि या कमतरतेच्या लहान मुलांना मेंदीनं त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. कुंकवाची टिकली लावा, फोटो तसाच छान येतो.

यादीतल्या सत्तेचाळीसपैकी जी औषधं पक्की लक्षात ठेवायची ती हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी: प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन, मिथिलीन ब्ल्यू, रॅसब्युरिकेज. नायट्रोफ्युरॅन्टॉइन लघवीच्या संसर्गाला सर्रास देतात, आणि तुम्ही अंगावर पाजताय, तेव्हा तुमच्याही डॉक्टरांना सांगून ठेवा. नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. लसी सगळ्या द्या. उरलेली बरीच नावं जुन्या एकेका रुग्णाच्या हकिकतींवरून एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत आली आहेत.

एक राहिलं. मामाचं नेमकं काय झालं होतं?

मस्कतकर, बुधवार, सकाळी ९:०५

चिपळूणचा, पण १६ वर्षं मस्कतला. इकडे हे इतकं सर्रास आहे की मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर रक्तगटाच्या खाली जी६पीडीचा रकाना होता. कुणी भुवयाही उंचावत नाही. माझ्या ओमानी सहकाऱ्याला आहे, तो आणि त्याचे दोघे भाऊ. ऑफिसात नाश्त्याला "फूल" आलं की तो निमूटपणे अंडी घेतो.

फूल म्हणजेच तो बाकला. तपकिरी, अंगठ्याच्या नखाएवढा, कडेला काळी रेघ. शिजवून ठेचून वर ऑलिव्हचं तेल, जिरं, लिंबू. दिसायला आपल्या कडव्या वालांचा थोरला भाऊ, म्हणून गैरसमज होणारच. मीही पहिल्यांदा "अरे वाल!" म्हणूनच खाल्लं होतं. पण चव अगदी वेगळी, पिठूळ, कडवटपणा नाही.

ताई, तुम्हाला खरा सांभाळ करायचाय तो अशा ठिकाणी. इजिप्शियन पद्धतीचं फलाफल बाकल्याचं असतं, लेबनीज छोल्यांचं, पण त्यातही पुष्कळदा बाकला मिसळतात. मुलगा मोठा झाला की मॉलमध्ये विचारून खायला शिकवा. आणि तळलेले, मीठ लावलेले "ब्रॉड बीन्स" पाकिटांत मिळतात, हिरवट-पिवळे, ते नकोत. बिरडं ओरपा.

खाडीकाठ, बुधवार, दुपारी २:२०

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. सूक्ष्मदर्शी सर, तुमचं "आता डबा. वाल खा." हे मी नवऱ्याला जसंच्या तसं पाठवलं. त्यानं ते सासूबाईंना वाचून दाखवलं म्हणे. त्या म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलं कुणी." साताऱ्याच्या आहेत, त्यांना तसंही बिरडं म्हणजे कडू उसळ, त्यामुळे त्याग त्यांचा काहीच नव्हता, हे मी इथे लिहितेय, घरी बोलणार नाही.

डांबराच्या गोळ्या किती निघाल्या सांगू? ट्रंकेत नऊ, साड्यांच्या कपाटात पाच, बेसिनच्या जाळीवर दोन, आणि एक देवघराच्या खणात. ती तिथे कशी गेली ते देवालाच ठाऊक.

मामाचं. आज सकाळी आईला फोन करून खोदून विचारलं. ८४ सालची गोष्ट, मामा तेव्हा बावीसचा, मिठागरावर मुकादमाच्या हाताखाली होता. थंडी वाजून ताप आला, आरोग्य खात्याच्या माणसानं बोट टोचून रक्त नेलं आणि नंतर घरी येऊन गोळ्या दिल्या. ताप उतरला, पण तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. आजी म्हणाली, उष्णता. सब्जा पाजला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे आणि माणूस असा पांढराफटक की उंबऱ्यात बसला तो उठेना. मग पनवेलच्या बाजूच्या एकाकडून कावीळ उतरवून आणली, चुन्याच्या पाण्यात हात घालून पाणी पिवळं झालेलं सगळ्यांनी पाहिलं. तरी उतार नाही म्हटल्यावर अलिबागला नेलं, एक बाटली रक्त चढवलं. पंधरा दिवसांत मामा परत कामावर. घरात त्याला नाव पडलं "मलेरिया लघवीत उतरला".

तुम्ही विचारलंत म्हणून आईला हे सगळं सांगितलं तर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "हे आत्ता कुणाला बोलू नकोस. हिचं लग्न होऊन जाऊ दे."

आरमोरीचा_काका, बुधवार, रात्री ८:४५

ताईची मामाची हकिकत वाचली आणि राहवलं नाही. मी हिवताप विभागात ३१ वर्षं काढली, सगळी गडचिरोली जिल्ह्यात, आता निवृत्त. रक्तनमुन्याच्या काचपट्ट्या सायकलच्या डब्यात घेऊन मी जेवढी गावं फिरलो तेवढी नातेवाइकांची फिरलो नसेन.

ती गोळी प्रायमाक्विन. व्हायवॅक्स हा मलेरियाचा एक प्रकार, त्याचा जंतू लबाड असतो. रक्तातला मेला तरी त्याचे भाईबंद यकृतात झोपून राहतात, महिन्या-दोन महिन्यांनी उठतात, पुन्हा ताप. झोपलेल्यांना मारायला ही गोळी. आता १४ दिवस देतात, त्या काळात ५ दिवसांचा कोर्स असायचा. मामाची लघवी तिसऱ्या दिवशी बदलली म्हणता, म्हणजे कोर्स चालू असतानाच. हिशेब जुळतो.

आमच्या प्रशिक्षणात एक ओळ असायची: लघवी लाल-काळी झाली तर गोळी थांबवावी व रोग्यास दवाखान्यात पाठवावे. बस, एवढंच. तपासणीचं किट गावात कुठून असणार? मी गोळ्या देताना प्रत्येकाला एकच सांगायचो, "सकाळची पहिली लघवी बघायची, जमिनीवर नाही, पानावर करून बघायची." पळसाच्या पानावर रंग लगेच कळतो. बायामाणसं लाजायची, पण बघायची. माझ्या हातानं गोळी दिलेल्या तिघांना असं झालं, तिघेही पुरुष, तिघेही वाचले. त्यातल्या एकाच्या बापानं मला गावाबाहेर अडवलं होतं कुऱ्हाड घेऊन. त्याचं काय चुकलं? मी दिली गोळी आणि पोरगा पडला आजारी. मला तेव्हा त्याला समजावून सांगता आलं नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. आज वरचं शिदोरीचं वाचलं आणि वाटलं, हे तेव्हा कुणी मला असं सांगितलं असतं तर मी त्याला सांगितलं असतं.

ताई, मामांना म्हणावं तपासून घ्या. कल्याण, पनवेल, उरणकडे डास काही संपलेले नाहीत. परत व्हायवॅक्स झाला तर डॉक्टरांना आधी सांगता येईल. अशा माणसांना उपाय नाही असं नाही, आठवड्यातून एकदा अशी आठ आठवडे गोळी डॉक्टरांच्या नजरेखाली देता येते.

सूक्ष्मदर्शी, बुधवार, रात्री १०:३०

काका, नमस्कार. तुमच्या पळसाच्या पानाची गोष्ट मी उद्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

गंमत अशी की ही कमतरता मुळात सापडली तीच प्रायमाक्विनमुळे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाचे लोक मलेरियाच्या औषधांचे प्रयोग कैद्यांवर करायचे (आज असं करू देणार नाहीत, आणि देऊही नये). काही कैद्यांचं रक्त गोळीनं फुटायचं, बाकीच्यांचं नाही. दोष रक्तात की शरीरात? त्यांनी लाल पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि अदलाबदल केली. त्रास होणाऱ्याच्या पेशी निरोग्याच्या अंगात घातल्या, तिथेही त्या फुटल्या. निरोग्याच्या पेशी त्रासवाल्याच्या अंगात घातल्या, त्या टिकल्या. म्हणजे खोट पेशीतच. आणखी एक दिसलं, गोळी चालू ठेवली तरी काही दिवसांनी फुटणं आपोआप थांबायचं, कारण जुन्या पेशी, शिदोरी संपलेल्या, तेवढ्या फुटून गेल्या आणि ताज्या उरल्या. १९५६ साली एन्झाइमचं नाव हाती लागलं. मात्र आपोआप थांबणं हे त्या कैद्यांमधल्या सौम्य प्रकारात, सगळ्यांत असं होत नाही. कुणी प्रयोग करून बघू नये.

यातूनच ताईंच्या कामाची गोष्ट: मामांची तपासणी कुठल्याही तापा-आजारात करू नका. पेशी फुटून गेल्यावर लगेच तपासलं तर उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम भरपूर, रिपोर्ट खोटा चांगला येतो. दोनतीन महिने तब्येत बरी असेल तेव्हा करा. आणि मामांची ८४ सालची लघवी नुसत्या मलेरियानंही काळी झालेली असू शकते, तेव्हा रिपोर्टशिवाय शिक्का नको.

"आईकडून" याबद्दल. जनुक एक्सवर आहे. पुरुषाकडे एक्स एकच, तो आईकडून आलेला, खोट असली तर झाकायला दुसरा नाही. बाईकडे दोन. तुमच्या मुलाचा एक्स तुमचा, यात दुमत नाही. पण तुमच्या दोनांपैकी तो कोणता जायचा हे नाणेफेकीनं ठरलं, तुमच्या खाण्यापिण्यानं नव्हे. मामांना असेल तर मूळ तुमच्या आजीत, आणि तिच्या आधी कुणात ते विचारत बसायला हजारो वर्षं मागे जावं लागेल. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिलं ते उगाच नाही. अशा लाल पेशीत मलेरियाच्या जंतूचं नीट बस्तान बसत नाही. मिठागरं आणि खाड्यांच्या काठी तुमच्या पूर्वजांपैकी काही जण याच खोटीमुळे वाचले असण्याची शक्यता आहे.

बायकांतही हे अगदीच निरुपद्रवी नसतं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपवलेला असतो, मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं ते. त्यामुळे वाहक बाईच्या रक्तात चांगल्या आणि कमी एन्झाइमच्या पेशींची मिसळ. ती मिसळ निम्मी-निम्मी असेलच असं नाही. साध्या हो-नाही तपासणीत अशा बायका निसटतात, तेव्हा तुमची तपासणी आकड्यात येणारी करून घ्या. बहिणीचीही. लग्नाला यात काहीही आड येत नाही. फक्त उद्या तिला मुलगा झाला तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगता येईल. तुमच्या आईंना हे असं सांगून बघा.

जाता जाता: या जनुकाच्या बदलांची शेकडो रूपं सापडली आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना गावा-प्रदेशांची नावं आहेत. भारतात मेडिटरेनियन आणि ओरिसा ही दोन ठळक. तिसरं आहे केरळ-कल्याण. ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. "कल्याण" आणि "केरळ" असे दोन वेगळे प्रकार समजत होते, १९९२ मध्ये कळलं की दोन्हींत बदल एकच. हो, तुमचं रेल्वे जंक्शनवालं कल्याण. तुमच्या बाळाचं तेच आहे असं म्हणत नाही, जनुकाची तपासणी केल्याशिवाय कळत नाही आणि करायची गरजही नाही.

उगाच_एक, गुरुवार, सकाळी ७:१०

मावसभावाला हा धागा पाठवला. लिंबू सुरू केलंय त्यांनी. शेंगदाण्याचं ठरायचंय.

खाडीकाठ, चार आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३:१५

धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवेना.

मामा तपासून आला. तसा तो येणारा नव्हता. "साठी उलटली माझी, आता कशाला." मग मी त्याला फोनवर त्या काकांची कुऱ्हाडवाली गोष्ट वाचून दाखवली. ऐकून म्हणाला, "आम्हीपण त्या गोळीवाल्याला वर्षभर शिव्या घातल्या होत्या." दुसऱ्या दिवशी गेला. रिपोर्ट: १.१.

मामाची पहिली प्रतिक्रिया काय असेल? "म्हणजे मलेरिया लघवीत उतरला नव्हता." चाळीस वर्षांचं नाव गेलं याचं त्याला थोडं वाईटच वाटलं असावं. दुसरी, त्याच्या दोन मुलींना त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. माझ्याआधी त्यालाच कळलं होतं की मुली दोघी वाहक असणार आणि मुलगा सुटला, कारण धागा त्यानं तीन वेळा वाचला. त्याला "सूक्ष्मदर्शी" हे तुमचं खरं आडनाव वाटतंय.

माझा आकडा ३.९, म्हणजे मधला. बहिणीनं अजून केलेली नाही. पण तिनं होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं, आईला न विचारता. तो म्हणाला, "मला रंग ओळखता येत नाहीत, लाल-हिरवा एकच दिसतो, तेही एक्सवरच असतं ना?" आई यावर काय बोलणार.

गोधडी पाच वेळा धुतली, दहा दिवस गच्चीवर होती. सासूबाई रोज नाक लावून यायच्या. परवा म्हणाल्या, "आता नुसता उन्हाचा वास येतोय." तरी बाळाखाली घातली नाही, माझ्या पायांवर घेते.

श्रावण गेला हे खरं, पण वाल काय बारा महिने मिळतात. आज आई आली होती. या वेळी वाल सोलायला सासूबाई बसल्या तिच्याबरोबर. कोमट पाण्याचं पातेलं दोघींच्या मध्ये. पहिले वीसेक दाणे त्यांच्या चिमटीतून सटकून थेट सोफ्याखाली गेले. बाळ रांगत रांगत एक शोधून काढायला निघालं होतं, त्याला उचलून घेतलं. जी६पीडीसाठी नाही. घशात अडकेल म्हणून.